अकरा ते बारा आत येऊ नये

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या नाट्यगृहाचे विश्वस्त, ज्येष्ठ दिग्दर्शक, सत्कारमूर्तींचे दोन्ही डॉक्टर (एक सांध्यांचे, एक मेंदूचे, आणि बारा वर्षांत आज प्रथमच एका मजल्यावर भेटलेले), समोर बसलेले नट, नट्या, पडदेवाले, दिवेवाले, तिकीट खिडकीवरच्या ताई, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलो आहोत ते आमच्या कपडेपटाचे मास्तर आणि आमच्या वहिनी,

सुरुवातीलाच एक कबुली देतो. या नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणून मी आजवर एकही भाषण कागदाशिवाय केलेलं नाही. आजही चार पानं लिहिली होती. ती आत्ता माझ्या टेबलाच्या खणात आहेत. सकाळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला गेलो आणि ठेवता आली नाहीत. का, ते शेवटी सांगतो. तेव्हा आज सुचेल तसं बोलणार आहे, सांभाळून घ्या. शिवाय मला एक माफी मागायची आहे. रीतीची नव्हे, खरी. तीही शेवटीच, कारण माफी आधी मागितली की लोक चहाला उठतात.

कार्यक्रमाची वेळ अकराची ठेवली तीसुद्धा माझीच अक्कल. पत्रिका हातात पडल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "आमचाच तास सापडला का?" ज्यांना यातली गोम कळली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

रंगमंचाच्या मागून पायऱ्या उतरून गेलं की कपडेपटाची लांबट खोली लागते. मधोमध कापड बेतायचं टेबल, एका बाजूला तीन मशिनं, भिंतीशी डोकं नसलेले चार पुतळे, आणि वर, रस्त्याच्या पातळीला, दोन बुटक्या खिडक्या. त्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. मास्तर बुटांवरून माणूस ओळखतात. मी जिना उतरायच्या आत त्यांचा आवाज येतो, "साहेब आलेत. चहा टाकू नकोस, काम सांगून लगेच जातील." सत्तावीस वर्षं मी त्या खोलीत चहा प्यायलेलो नाही. कारण ते म्हणतात ते खरंच आहे.

या खोलीचे नियम दोन. पहिला खिशांचा. दुरुस्तीला आलेला कपडा कोणाचाही असो, टेबलावर घेण्याआधी मास्तर त्याचे खिसे रिकामे करणार. जे निघेल ते पाकिटात, त्यासोबत काय काय निघालं त्याची चिठ्ठी, आणि पाकीट ज्याचं त्याला परत. आजवर किल्ल्या निघाल्या, अर्धी बिस्किटं निघाली, एका ज्येष्ठ नटाचे वरचे दात निघाले. ते आज सभागृहात आहेत, नटही आणि दातही. प्रेमपत्रं तर किती निघाली असतील! पण एकाही पत्राची घडी मास्तरांनी मोडलेली नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण वाचायचं नाही, हा त्यांचा बाणा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा नियम तासाचा. वहिनींना संधिवात, पुष्कळ वर्षांचा. सकाळी उठतात तेव्हा दोन्ही हातांची बोटं मिटलेली असतात. गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसलं की एकेक बोट हळूहळू कामावर हजर होतं. अंगठा सगळ्यांत उशिरा, अकराच्या सुमाराला. वहिनी म्हणतात, माझा अंगठा मोठा साहेब झालाय, सगळे आल्याशिवाय येत नाही. हे त्या माझ्यासमोरच म्हणतात. आणि मास्तरांना बारा वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला. त्यांची गोळी साडेदहाची. ती अकराला लागू पडते आणि बारा वाजले की पाठ फिरवते. म्हणजे दोघांचे हात एकाच वेळी ताळ्यावर आहेत असा अख्ख्या दिवसात एकच तास. कापणं सगळं त्या तासात. शिवण, काजं, इस्त्री मग मदतनीस मुली दिवसभर करत बसतात. दारावर मास्तरांच्या अक्षरात पाटी आहे: 'अकरा ते बारा आत येऊ नये. आग लागली असल्यास बाहेरून सांगावे.'

यांच्यात पेशंट कोण, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तुम्ही दोघांना विचारा, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. मास्तरांच्या गोळ्यांचा हिशेब वहिनींच्या डोक्यात, वहिनींच्या रक्त तपासण्यांच्या तारखा मास्तरांच्या वहीत, आणि दोघांनाही वाटतं आपण आपलं माणूस सांभाळतोय, आपल्याला काय धाड भरलीय! घरी बरण्यांची झाकणं मास्तर उघडतात, कारण वहिनींना पिळवत नाही. चहा वहिनी ओततात, कारण मास्तरांनी ओतला तर तो बशीतच प्यावा लागतो. डॉक्टरांनी एकदा विचारलं, घरात मदतीला कोणी आहे का? दोघंही एकाच सुरात म्हणाले, "मी आहे ना."

आणि बटणांचं प्रकरण. वहिनी, हे तुम्हाला नवीन आहे, जरा खुर्ची धरून बसा. हजारो काजं केलेल्या मास्तरांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येईनात. वहिनींची बोटं सकाळी मिटलेली. मग वहिनींनी काय केलं? मास्तरांच्या सगळ्या शर्टांची काजं बुजवली, बटणं वरून नुसती शोभेला शिवली आणि आतून टिचबटणं लावली. दाबलं की लागलं. मास्तर सगळ्यांना सांगत सुटले, नवीन गोळी काय गुणाची आहे, बोटं बघा कशी चालतात. वहिनी म्हणायच्या, "हो ना." पुढे एकदा मी मास्तरांना म्हटलं, अहो, तुमच्यासारख्या कारागिराला कळलं कसं नाही? मास्तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं. पण ती इतकी खूश होती, कशाला बोलायचं?"

हां, आता बघा, वहिनी त्यांच्याकडे कशा बघताहेत. आणि मास्तर छतावरचे दिवे मोजताहेत. असू द्या. आमच्या मास्तरांना सगळं कळतं आणि ते काही बोलत नाहीत, एवढंच मला सांगायचं होतं.

आता माझ्या भागाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी या दोघांचं एकदा भांडण झालं. वहिनींची मोठी तपासणी होती आणि त्यांनी बजावलं, तुम्ही बरोबर आलात की तिथे सगळे तुम्हालाच खुर्ची देतात, मी एकटी जाईन. मास्तर फुगून कपडेपटात बसले. नेमकी त्याच दुपारी इस्त्रीखाली राजाच्या कोटाची उजवी बाही जळली. पडदा उघडायला तीन तास. वहिनी नाहीत, बारा कधीच वाजून गेलेले. मास्तरांनी चार वाजता एकट्याने बाही कापली. मुलींनी ती घाईघाईत जोडली, आणि राजा दोन डाव्या बाह्यांचा कोट घालून रंगमंचावर गेला. त्याचा उजवा हात काही केल्या खाली येईना. बिचाऱ्याने अख्खा अंक हात उगारून केला. दुसऱ्या दिवशी परीक्षणात छापून आलं की तो उगारलेला हात म्हणजे दिग्दर्शकाची प्रतिभा आहे. दिग्दर्शक इथे बसले आहेत. त्यांनी अजून ते नाकारलेलं नाही.

हसण्यासारखंच होतं. पण मी हसलो नाही. अध्यक्ष महोदया, त्यानंतर झालेल्या समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात 'समितीने असे ठरवले' असं लिहिलेलं आहे, ते अर्धसत्य आहे. सूचना माझी होती. मास्तरांना प्रकृतीच्या कारणावरून निवृत्त करावं आणि वहिनींना ठेवून घ्यावं, त्यांची नजर अजून पक्की आहे, असं मीच म्हणालो. पत्रही मीच लिहिलं, पाकिटावर मास्तरांचं नाव घातलं, आणि ते द्यायची छाती होईना म्हणून तीन दिवस कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडलो. शेवटी भित्रा माणूस करतो तेच केलं. आधी वहिनींना सांगितलं.

वहिनी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उद्या अकराला खाली या. बारा वर्षांत त्या तासाला आत गेलेला मी एकटाच. मास्तरांना वाटलं, मी काम बघायला आलोय. मी भिंतीशी पुतळ्यांच्या रांगेत उभा राहिलो. मला तोवर वाटायचं, त्या तासात ही दोघं बरी असतात. तसं नव्हतं हो. गोळी लागू पडली तरी मास्तरांचा हात पुरता थांबत नाही. बोटं उघडली तरी वहिनींना कात्री मिटवत नाही. मास्तरांनी कात्री उचलली, ती थरथरत होती. वहिनींनी आपला वाकडा हात त्यांच्या मनगटावर ठेवला, नुसता ठेवला, आणि थरथर थांबली. वहिनी म्हणाल्या, "हं." मास्तरांनी कापायला सुरुवात केली. कापड सरळ रेषेत फाकत गेलं. तासभर दोघांत 'हं' सोडून दुसरा शब्द नाही. त्या तासात दोघांचं मिळून एक माणूस बरं असायचं.

बारा वाजले. मास्तर डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या घालायला बाहेर गेले. वहिनी मला एरवी भाऊजी म्हणतात. साहेब म्हणाल्या की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. टेबलावरच्या चिंध्या गोळा करताना वर न बघता त्या म्हणाल्या, "साहेब, यातला कोणता हात तुम्ही ठेवून घेणार?"

मी म्हटलं, पत्र फाडून टाकतो. त्या म्हणाल्या, "फाडा. आणि त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये. आपल्यामुळे माझं काम चाललंय, असं त्यांना वाटतं. आपल्यामुळे माझं अडतंय, असं वाटलं तर ते उद्यापासून कात्रीला हात लावणार नाहीत." मी शपथ घेतली. वर आलो, समितीला सांगितलं की सूचना मागे घेतो, आणि निश्चिंत झालो. वहिनी, माझ्याकडे असं बघू नका. शपथ मी मोडलेली नाही. पुढचं ऐका.

मी पत्र फाडायला विसरलो. व्यवस्थापक आहे ना, कागद फाडायची सवय नाही. महिन्याभराने त्याच कोटाचं अस्तर उसवलं आणि मी तो खुशाल कपडेपटात पाठवून दिला. दोन दिवसांत कोट परत आला, सोबत पाकीट आलं. आत जास्तीच्या किल्ल्या असणार, हे ठाऊक होतं, म्हणून न उघडताच खणात सारलं. पत्राची आठवणसुद्धा झाली नाही.

त्यानंतर या दोघांनी दोन वर्षं काम केलं. हळूहळू तासाचा अर्धा तास झाला, आणि अर्ध्या तासाची वीस मिनिटं. गेल्या महिन्यात दोघं जोडीने वर आली, आम्हाला आता मोकळं करा म्हणाली. मी म्हटलं, वीस मिनिटं तर वीस मिनिटं, राहा की. वहिनी म्हणाल्या, "ती वीस मिनिटं आता आमची आम्हाला हवीत, भाऊजी." जाता जाता त्यांनी माझं माप घेतलं आणि हा कोट शिवला, जो आज माझ्या अंगात आहे. कापायला सहा दिवस लागले, रोज वीस मिनिटं.

आज सकाळी भाषणाची पानं आतल्या खिशात सारायला गेलो, तर बोटं आत जाईनात. खिशाचं तोंड शिवून टाकलेलं होतं. वाटलं, मुलींची गंमत असेल. चष्मा लावून टाके पाहिले. मुलींचा टाका मशिनासारखा, वहिनींचा बारीक. हे टाके वरखाली होत गेलेले, लाटेसारखे. एका माणसाने एकट्याने, कोणाचा हात मनगटावर न घेता घातलेले. मग पानं ठेवायला खण उघडला, तर ते जुनं पाकीट समोर आलं. दोन वर्षांनी उघडलं. आत किल्ल्या, रुमाल आणि चिठ्ठी. पत्र नाही. चिठ्ठी वाचून दाखवतो, ही तेवढी बाहेरच्या खिशात मावली.

'किल्ल्या दोन. रुमाल एक. पत्र एक, माझ्या नावाचे होते, मला पोचले.'

मंडळी, दुसऱ्याच्या नावाचं पत्र मास्तर वाचत नाहीत. हे दुसऱ्याचं नव्हतं. ते वाचून हा माणूस दुसऱ्या दिवशी अकराला टेबलाशी उभा राहिला, रोज उभा राहिला. वहिनींना ठेवून घेऊन आपल्याला घालवणार होते हे ठाऊक असताना रोज त्याने मनगट पुढे केलं, आणि वहिनींना वाटत राहिलं की आपण त्यांच्यापासून काहीतरी लपवलंय. मलाही रोज वरच्या खिडकीतल्या बुटांवरून ओळखत राहिले. चहा काही दिला नाही, पण तो आधीही देत नव्हते.

तर मास्तर, ही माझी माफी. मी दोन हात मोजले, आणि तिथे एकच होता. मला त्याची लाज वाटते, आणि ती या सगळ्यांसमोर सांगायची होती.

अध्यक्ष महोदया, आपण वेळ दिलात, विश्वस्तांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, दोन्ही डॉक्टर एका जिन्याने वर आले, मुलींनी सभागृह सजवलं, सगळ्यांचे मनापासून आभार. कागद नव्हता, त्यामुळे कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं गुपित जास्त फुटलं असेल, तर लहानमोठ्यांनी ते पदरात घ्यावं. बाराला अजून दहा मिनिटं आहेत. तेवढी या दोघांची आहेत, त्यांना परत करतो. आणि मास्तर, खिसा मी उसवणार नाही.