लाल टिकलीची काडतुसं

—नाही, नाही, बस. बस म्हटलं ना, हर्षिता. आत्ता उठायचं नाही. सेफ्टी लाव आधी — हां — आणि नळी खाली, माझ्या बुटाकडे नको, तिकडे. शाब्बास. पळालं ना? पळू दे. पळणारच. गोळी लागली की जागच्या जागी कोसळतं ते टीव्हीवर. खरं हरीण पळतं, आणि आपण मागे धावलो तर ते जीव घेऊन मैलभर जाईल, सोडून दिलं तर जवळच कुठेतरी झाडाखाली बसेल, बसलं की अंग आखडतं, मग उठत नाही. वॉल्टरनं काल रात्री जेवताना हेच तर सांगितलं, तू मान डोलावत होतीस. अर्धा तास थांबायचं. मोठमोठे शिकारी थांबतात. लागली गं, लागली — मी बघितलं, पुढचा पाय दुमडला त्याचा, खांद्यातच बसलीय. छान मारलीस. चहा घे. थर्मासचं झाकण मी उघडतो, तू नको, सांडशील.

हळू बोल. आणि मराठीत बोल, इंग्लिशमध्ये तू एवढं फास्ट बोलतेस, मला अर्धं कळत नाही. मी? मी बोलतोय खरा. घरी आठवड्यात बोलत नसेन एवढं आज बोलतोय. तुझी आई म्हणतेच, लहू घरात आहे की नाही ते बुटांवरून कळतं. शॉपमध्येही तेच — दिवसभर लेथवर, हाय वॉल्टर, बाय वॉल्टर. त्या म्हाताऱ्यानं लंचला ती पितळी नळकांडी आणून दाखवली नसती, तर आपण इथं विस्कॉन्सिनच्या बर्फात कशाला येऊन बसलो असतो? मला ते काम आवडलं बघ. शिकार नाही, ते काडतुसं भरायचं काम. चारच तर वस्तू — पितळेची नळी, तळाला टिकली, आत दारू, वर गोळी. टिकली म्हणजे दिवाळीत आपण दगडानं फोडायचो ना, तसलीच, फक्त ही ऐटीतली. बेसमेंटमध्ये प्रेस लावला, तराजू लावला, आणि ताईनं, तुझ्या आईनं, फोनवर कुणाला तरी सांगितलं, आमचा लहू रोज खाली बसून दारू मोजतो — आठवतं? दुसऱ्या दिवशी विहारातल्या शोभनाकाकू मला समजवायला आल्या. अडकित्त्यात सुपारी धरावी तसं मला धरून तासभर बोलल्या, आणि काकू, ती दारू वेगळी, हे सांगायचं राहूनच गेलं.

तू एकटीच खाली यायचीस. होमवर्क घेऊन यायचीस आणि करायची नाहीस. ही हलकी का, ती जड का, ह्या गोळीचं टोक असं का — मला आयुष्यात कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. शाळेत मास्तरांनीही नाही. मी सांगायचो, आपली रायफल लहान, टू-फॉर्टी-थ्री, धक्का कमी, तुझ्या खांद्याला झेपेल अशी. पण लहान गोळीत चुकीला जागा नसते, म्हणून गोळी नीट निवडायची. हलक्या गोळीचं तांब्याचं कवच पातळ, ती शेतातल्या घुशीबिशींसाठी, नाहीतर कागदावर नेम धरायला — लागल्या लागल्या फुटते, आत जातच नाही. हरणाला जड हवी, जाड कवचाची, हाडातून आरपार जाणारी, म्हणजे त्याला कळायच्या आत संपतं. तूच म्हणालीस ना, मामा, मग दोन्ही मिक्स झाल्या तर? आणि धावत वर जाऊन नेलपॉलिश घेऊन आलीस. जड गोळीच्या प्रत्येक काडतुसाला खाली टिकलीवर लाल ठिपका. जीभ बाहेर काढून लावत होतीस, लहान मुलीसारखी. वॉल्टर म्हणाला, चाळीस वर्षं करतोय, मला नाही कधी सुचलं.

काय शोधतेस बर्फात? ते रिकामं काडतूस? असू दे, मी उचलतो नंतर. हात गारठतील. हर्षिता, राहू दे ना — आठवण म्हणून काय ठेवायची, घरी ढीगभर आहेत. मिळालं? बरं. खिशात टाक. कशाला उलटंपालटं करून बघतेस?

रंग — रंग उडतो कधीकधी. आत एवढा भडका होतो, उष्णता किती असते. नेलपॉलिश काय, उडून जातं. नाही, काल उडालं नव्हतं, खरंय. काल तू वॉल्टरच्या मागच्या शेतात दोन मारल्यास, दोन्हींवर ठिपका होता तसाच. तूच पुसून ठेवलीस ती. हे — हे बर्फात पडलं ना गरम असताना. म्हणून असेल.

असं बघू नकोस माझ्याकडे.

बंदूक उघड. नको, दे, मी उघडतो. बघ. ही एक. ही दुसरी. नाही. ठिपका नाही. हलक्या आहेत. सकाळी अंधारात ट्रकमध्ये मी भरल्या. चुकून नाही. मला खोकी हातानं कळतात, डोळे मिटून सांगेन कुठलं जड. तुझ्या लाल वाल्या माझ्या खिशात आहेत, ह्या आतल्या, छातीकडच्या. सकाळपासून टोचतायत.

का म्हणजे — सांगतो. आवाज खाली ठेव, सांगतो. हे बघ, बंदुकीवरच्या दुर्बिणीचा नेम मी लाल वाल्यांसाठी जुळवलाय. हलकी गोळी ह्याच दुर्बिणीतून मारली तर लांबवर हातभर वर जाते. त्या समोरच्या चढावरून हरीण आलं असतं, तू नेम धरला असतास, आणि गोळी पाठीवरून निघून गेली असती. हरीण पळालं असतं, तू म्हणाली असतीस श्शी, मिस्ड, मी म्हणालो असतो, पहिल्यांदा सगळ्यांची चुकते. घरी गेलो असतो. कुणाला काही झालं नसतं. आणि तसंही ह्या ओंडक्याशी कुणी बसत नाही, वॉल्टर म्हणाला होता, इथून हरणं जात नाहीत. म्हणून तर मी ही जागा — हो. जागासुद्धा. पण ते आलं मागून, ओढ्यातून, इतकं जवळ की दगड मारला असता तरी लागला असता. एवढ्या जवळ गोळी वर कशी जाणार? तू जिथं धरलीस तिथंच बसली. तुझी चूक नाही. तू सगळं बरोबर केलंस.

आईनं सांगितलं, हो. मग कोण सांगणार? तिनं तुला अडवलं असतं तर तू त्या तुझ्या मैत्रिणीच्या डॅडबरोबर गेली असतीस. म्हणून म्हणाली, लहू, तू ने, थंडीत बसव, पण तिच्या हातून काही होऊ देऊ नकोस. हॉलमध्ये पंचशील लावलंय आपण, रविवारी विहारात सगळ्यांत मोठ्या आवाजात तीच म्हणते, पहिलं शील कोणतं, जीव घ्यायचा नाही, ते तुला माहीत आहे. मला ताईनं ह्या देशात आणलं, हर्षिता. कागद भरले, विमानतळावर स्वेटर घेऊन उभी राहिली. तिला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आणि तुला तरी कसं नाही म्हणू? म्हणून मी दोघींनाही हो म्हटलं. दोघींनाही खूश ठेवायला गोळीच बदलली. मला वाटलं, कुणाला कळणार नाही.

तुझा प्रश्न — हो, तो माहीत आहे मला, मी टेबलावरच होतो. मटणाचा रस्सा होता, तू ताट बाजूला सारलंस आणि विचारलंस, आपल्यासाठी हे मारतं कोण? तुझा बाबा हसला. ताई म्हणाली, दुकानात मिळतं, गप जेव. तू म्हणालीस, मग एकदा मी स्वतः करून बघणार, जमलं तर खाईन, नाही जमलं तर सोडेन. इंग्लिशमध्ये म्हणालीस, पण ते मला सगळं कळलं. कोण मारतं? तुझ्या समोर बसलो होतो ना मी, भात कालवत. मी मारायचो. नागपूरला शाळा सोडली ती ताई सांगते तशी धंद्यासाठी नाही, चिकन सेंटरला लागलो होतो. तुझ्याएवढा होतो. सकाळी पिंजरा उघडायचा, हात घालायचा, ती सगळी मागच्या कोपऱ्यात जाऊन दाटीवाटीनं बसायची. हात कितीही धुवा, जेवताना — जाऊ दे. ताईला मी आजवर नाही सांगितलं, की मला त्या हाताची अजून स्वप्नं पडतात. तुला का सांगतोय? तुझा हात तसा होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. ताईचं नाव पुढे करतोय मी. ताईनं गोळी बदल म्हणून नव्हतं सांगितलं. तिला तर गोळी म्हणजे डोकेदुखीचीच माहीत.

मला विचारायचं होतंस — हो. तेच. तुला विचारायला हवं होतं. सांगायला हवं होतं हे सगळं, बेसमेंटमध्ये, ठिपके लावत होतीस तेव्हाच. मग ठरवलं असतंस तू. बरोबर आहे तुझं. बोल अजून. बोल ना. रडलीस तरी चालेल, पण गप्प नको बसूस.

थांब. बर्फ पडायला लागला बघ. मोठा पडतोय.

ऊठ. उठायचंच आता, अर्धा तास राहू दे. ते जड गोळीला ठीक होतं. ही गोळी खांद्याच्या हाडावर फुटली असणार, वरवरच, आत गेलीच नसणार. तिनं ते मरणार नाही. लगेच नाही मरणार. आज नाही, उद्या नाही, तीन पायांवर फिरत राहील आणि मग — आणि ह्या बर्फानं खुणा बुजल्या तर आपल्याला कधीच सापडणार नाही. ह्या दोन हलक्या मी काढून घेतल्या, बंदूक रिकामी आहे, तूच घे. नको म्हणतेस? घे गं. तुझंच हरीण आहे ते. चल, माझ्या पावलांवर पाऊल ठेवून नको, खुणांच्या बाजूनं चाल, खुणा तुडवायच्या नाहीत. हे बघ केस. हे बघ — हाडाची कपची. हेच मला नको होतं. रक्त थोडंच आहे, लाल, ताजं. इथं घसरलंय ते. इथं थांबलंय, बघ, पाय ओढल्याची रेघ. तुला दिसतंय माझ्याआधी, तूच पुढे चाल. केशरी टोपी नीट घाल. मी मागेच आहे.

फांदी सोडू नकोस अशी, आवाज होतो.

श्श. थांब. त्या पडलेल्या झाडाच्या पलीकडे. नाही, डावीकडे, मुळांजवळ. कान दिसतोय? आपल्याकडेच बघतंय. बसलंय. मान वर आहे अजून. उठायला बघतंय आणि पाय —

दे, मी करतो. हर्षिता, दे बंदूक. हे तुझं काम नाही, हे माझ्यामुळे झालंय, मी निस्तरतो. मला सवय आहे, मी तुला सांगितलं ना आत्ता. घरी सांगू मामानं केलं, ताईलाही बरं वाटेल — नाही. नाही सांगायचं तसं. बरं. पुन्हा खोटं नको. बरं, बाई.

हात पुढे करतेस तो — काडतूस मागतेस. हो. थांब, चेन अडकलीय खिशाची, बोटं बधिर झाली. ही घे. दोन ठेव जवळ. एकच? एकच घे मग. लाल आहे ही, जड, तुझ्याच ठिपक्याची, मी —

हां. उलटी करून बघ. उजेडात धर, नखानं खरवडून बघ. बघ, बघून घे. आता प्रत्येक वेळी बघशील तू. मी काही हातात दिलं की आधी उलटं करशील. बरोबर आहे. तसंच करायचं.

मानेच्या खाली, खांद्याच्या मागे, श्वास अर्धा सोडून मग —

काय?

हो. बसतो गप्प.