खरकटी हाक

मंडळी, ऐका. माझ्या पोथीच्या फडक्यात गेल्या सर्वपित्री अमावस्येपासून एक पत्र आहे. त्याला मी उत्तर दिलेलं नाही. आळसाने नव्हे हो — उत्तर येत नव्हतं म्हणून! पत्रात एवढासा प्रश्न: "बुवा, खरकटी हाक पोचते का?"

आता तुम्ही म्हणाल, ताट खरकटं असतं, हात खरकटे असतात; हाक कशी खरकटी होईल? मलाही असंच वाटलं. मी पडलो पुस्तकातला माणूस. कपाट उघडलं, श्राद्धाचे ग्रंथ काढले. पिंड कसा करावा, दर्भ कुठे ठेवावा, कावळा शिवला नाही तर काय करावं — सगळं सापडलं. हाकेचं काही सापडलं नाही. मग मी काय केलं? विद्वान माणूस जे करतो तेच केलं. पत्र घडी करून ठेवून दिलं!

तर तोच प्रश्न आज जरा फिरवून तुमच्यापुढे ठेवतो. माणूस एखादी सुंदर जागा बघायला जातो. डोंगर असेल, लेणं असेल, धबधबा असेल. बघतो, फोटो काढतो, परत येतो. त्या जागेचं तो काही लागतो का? की तिकीट काढलं आणि फिटलं?

दत्तोबा, पेटीचा सूर जरा खाली घ्या. आज मला ओरडायचं आहे, आणि माझा गळा तेवढा नाही.

मंडळी, हल्ली आपल्या भाषेत एक क्रियापद फार माजलं आहे. 'करणे'! परवा देवळाच्या पायरीवर एक गृहस्थ भेटले. परचुरेसाहेब. पुण्याचे, निवृत्त, स्वभावाने अगदी सज्जन. मी विचारलं, सध्या काय चाललंय? म्हणाले, "गेल्या वर्षी पेरू केलं, यंदा जॉर्डन केलं. पुढच्या वर्षी नॉर्वे करून टाकायचं." करून टाकायचं! म्हणजे दाढी करून टाकावी तसं! अहो, पेरूच्या त्या ढगातल्या डोंगरावर कुणीतरी दगडाला दगड असा बसवला, की मधून सुरीचं पातं जात नाही म्हणतात. जॉर्डनात लोकांनी गुलाबी डोंगर कोरून अख्खं नगर उभं केलं. त्यांनी केलं! तुम्ही काय केलंत? तुम्ही बसमधून उतरलात!

हसू नका. मी कुठेच गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी नकाशात बोट फिरवून जग बघितलं. त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे की नाही, ही शंका मला आत्ताही आहे. पण वाचलेलं एक सांगतो. ऑस्ट्रेलियात वाळवंटाच्या मधोमध एक प्रचंड तांबडा खडक आहे. उलुरू त्याचं नाव. संध्याकाळी निखाऱ्यासारखा पेटतो म्हणे. तिथल्या मूळच्या लोकांचं ते दैवत. त्यांनी पायथ्याला पाटी लावली: ही आमची पवित्र जागा आहे, कृपा करून चढू नका. दंड नाही, दमदाटी नाही. नुसती विनंती! लोक काय करायचे? पाटी वाचायचे — आणि चढायचे. शेवटी ठरलं, अमुक तारखेपासून चढाई कायमची बंद. मग लोकांना लाज वाटली असेल, नाही? अहो, रांग लागली! बंद व्हायच्या आत आपलं चढून घेऊ या! डोंगरावर मुंग्यांसारखी माणसांची ओळ!

तुम्ही मान हलवताय. 'परदेशातले लोक, त्यांना काय कळतंय.' थांबा. आता मी आपल्या घाटाने वर येतो.

आपल्या गावावरून घाट चढला, डावीकडची वाट धरली, की समोर दरी उघडते. पलीकडे काळा कातळ सरळ उभा, वाऱ्याने मधे कोरून काढल्यासारखा खोलगट. आपण एक शब्द टाकावा आणि त्याने तो जपून परत द्यावा! या जागेचं नाव काय? नाही, पाटीवरचं सांगू नका. पाटीवर 'इको पॉइंट' आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा नव्हता, मला वाटलं 'एको पॉइंट'. म्हटलं वा! एको देवः! आपल्या ग्रामपंचायतीला अद्वैत कळलं!

त्या जागेचं खरं नाव हाकेचा कडा. वरच्या धनगरवाड्याची ती जागा. त्यांच्यात एक रीत आहे. सर्वपित्री अमावस्येला, सूर्य डोक्यावर आला की, ज्याचं माणूस गेलंय त्याने तिथे जायचं. पळसाच्या पानावर दहीभात ठेवायचा. आणि गेलेल्याला घरात ज्या नावाने हाक मारत होतो, त्या नावाने एक हाक मारायची. एकच. समोरून नाव परत आलं की म्हणायचं, 'ओ आली.' माणसाने ओ दिली, म्हणजे तो सुखात आहे. मग न बोलता घरी जायचं. पुन्हा हाक मारायची नाही, कारण गेलेल्याला सारखं सारखं उठवू नये. बघा! आपल्या ग्रंथांत एवढी नाजूक गोष्ट मला तरी कुठे दिसली नाही.

तर या वाड्यावरच्या कोंडाबाई आखाडे. तुम्ही त्यांना ओळखता. भैरोबाच्या समईला तूप घेऊन येतात, कीर्तनाला अगदी मागे, चपलांच्या ढिगाऱ्याजवळ बसतात. मी दहादा म्हटलं, बाई, पुढे या. म्हणतात, "ऐकू येतंय की हितं." त्यांचा एकुलता मुलगा धाकलू. एका पावसाळ्यात म्हैस दरीत उतरली, तिच्यामागे हा उतरला. वरून पाण्याचा लोंढा आला. म्हैस दुसऱ्या दिवशी चरत परत आली. धाकलू आला नाही. त्याचा देहही मिळाला नाही.

देह नाही, म्हणून अग्नी नाही. अस्थी नाहीत. कोंडाबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "बुवा, लेकाचं मला काय बी करता आलं न्हाई. वरसातनं ती एक हाक तेवढी करते." ऐकलंत? हेही 'करणे'च! परचुरेसाहेबांचं जग करणं आणि या बाईचं एक हाक करणं. क्रियापद एकच हो, एकच!

गेल्या सर्वपित्रीला कोंडाबाई दहीभात घेऊन कड्यावर आल्या. बघतात तो तिथे ही गर्दी! पुण्याची सहल आली होती, त्यात आपले परचुरेसाहेब. कठड्याला आपल्या गावच्या मंडळींनी कर्णा बांधलेला. आणि आपल्याच गावचा एक वाटाड्या हातात माइक घेऊन सांगतोय, जोरात ओरडा, डोंगर उत्तर देतो! नाव घेत नाही त्याचं. तो समोर बसला आहे, आणि मघापासून चटईच्या काड्या मोडतो आहे.

लोक काय ओरडत होते? मेहुण्याचं नाव. नटीचं नाव. एकाने शिवी दिली, डोंगराने शिवी परत दिली, सगळे खूश! अरे, आरशात बघून स्वतःला थोबाडीत मारण्याचा हा कसला आनंद!

कोंडाबाई बाजूला बसून राहिल्या. वाटलं, जातील. एक बस गेली, दुसरी आली. ऊन कलायला लागलं. वेळ टळली की त्या वर्षाची हाक गेली. आता सांगा, त्यांनी काय करावं? वाटाड्याला सांगावं? सांगितलं. तो म्हणाला, मावशी, पाच मिनिटं. मंडळी, ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत!

शेवटी त्या उठल्या. कठड्याशी आल्या. परचुरेसाहेबांनी त्यांना जागा करून दिली. सज्जन आहेत, म्हटलं ना. वर हसून म्हणाले, "या आजी, तुम्ही पण मारा हाक. मजा येते."

कोंडाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. दरीकडे तोंड केलं. आणि सगळं वर्ष छातीत धरलेलं एक नाव सोडलं —

धाकलूऽऽऽ!

आणि मंडळी — कसं सांगू — समोरचा कातळ ओ द्यायच्या आत, त्या अख्ख्या सहलीने तोंडाशी हात धरले आणि ती एका सुरात ओरडली, 'धाकलूऽऽ!' गंमत म्हणून! वाटाड्या माइकवर ओरडला, कर्ण्यातून ओरडला! समोरून जे परत आलं त्यात आईचा आवाज कुठला, हसण्याचा कुठला, काही कळेना. धाकलू, धाकलू, हाहाहा — सगळं एकात एक कालवलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परचुरेसाहेबांनी विचारलं, "धाकलू म्हणजे कोण, आजी? म्हैस का तुमची?"

कोंडाबाई म्हणाल्या, "ल्योक."

बस्स. एक शब्द. पुढचं मला साहेबांनी स्वतः त्या पायरीवर बसून सांगितलं. जॉर्डन सांगताना ज्या तोंडावर तेज होतं, ते पार उतरलं होतं. म्हणाले, पानावरचा दहीभात तेव्हा कुठे आम्हाला दिसला. माइक बंद झाला. साहेब हात जोडून त्यांना म्हणाले, आजी, चुकलं. आम्ही सगळे शांत उभे राहतो, तुम्ही पुन्हा हाक मारा.

कोंडाबाई म्हणाल्या, "खरकट्या ताटात परत वाढत न्हाईत, सायेब. आता पुढच्या साली. ऱ्हायले तर."

आणि पान तिथेच ठेवून खाली उतरल्या.

मग अंगणवाडीच्या बाईंकडून त्यांनी मला हे पत्र लिहवून घेतलं. तक्रार नाही त्यात. कुणाला शिक्षा करा नाही, पाटी काढा नाही. एवढंच: खरकटी हाक पोचते का? धाकलूला कळलं असेल का की त्यातली एक माझी होती? वर लिहिलंय, तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल.

नाही हो बाई! मला ठाऊक नाही!

मला इतकंच ठाऊक आहे, की मला राग आला आहे. मला राग येत नाही सहसा. येऊ लागला की वाटतं, आपलंच काही चुकत असेल. पण हा राग तपासून पाहिला आणि तो खरा निघाला. राग पुण्याच्या सहलीवर आहे का? थोडा. त्यांना माहीत नव्हतं. साहेबांना निदान झोप लागत नाही. पण पाटी कोणी लावली? आपण! हाकेच्या कड्याचं नाव पुसून त्यावर 'पॉइंट' कोणी रंगवलं? कर्णा कोणी बांधला? चहाच्या टपऱ्या कोणाच्या, जीपगाड्या कोणाच्या, ज्या हॉटेलांत सहली उतरतात ती कोणाची? आणि या देवळाला नवा कळस कशातून चढला? त्या कळसाखाली मी उभा राहून बोलतोय, म्हणजे मीही आलो त्यात! आपल्याला ती रीत ठाऊक होती, मंडळी. कोंडाबाई अमावस्येला वर जातात हे या गावात कुणाला ठाऊक नव्हतं? हात वर करा. — पाहिलंत? एकही नाही.

जग बघायला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा! देवाने आणि माणसाने एवढं सुंदर करून ठेवलंय, ते डोळे भरून बघा. माझ्या पायांत बळ असतं तर मीही गेलो असतो. पण कुणाच्या घरी जेवायला गेलो तर आपण काय करतो? आधी विचारतो, येऊ का? पाय धुतो. आणि पाटाभोवती शितं सांडली तर? ती कोणी पुसायची? यजमानाच्या म्हाताऱ्या आईने?

खरकटं ज्याने सांडलं, त्याने काढायचं! यात ग्रंथ कशाला बघायला हवा होता? हे मला माझ्या आईने, मी चड्डीत होतो तेव्हा शिकवलं होतं. आणि मी वर्षभर कपाटं उघडतोय!

म्हणून मंडळी, आज दुपारी मी पत्र लिहिलं. वाचून दाखवतो, कच्चा कागद आहे, खाडाखोड फार आहे.

"सौभाग्यवती..." — नाही, हे खोडलं. त्या विधवा आहेत, आणि लिहायच्या सवयीने मी काहीही लिहितो. "कोंडाबाई आखाडे यांस सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला. हाक पोचली की नाही, हे मला ग्रंथांत सापडलं नाही, आणि न सापडलेलं मी सांगत नाही. पण आईची हाक खरकटी होत नसते. खरकटी आमची तोंडं होती. आम्ही सांडलं आहे, आम्ही पुसू. येत्या सर्वपित्रीला तुम्ही कड्यावर या. कर्णा नसेल. 'इको पॉइंट'ची पाटी नसेल. सकाळपासून घाटाच्या डाव्या वाटेवर आम्ही सतरंजी टाकून बसू आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात जोडून सांगू, की आज ही जागा ज्यांची आहे त्यांची आहे. त्या दिवशी टपऱ्या बंद, जीपगाड्या बंद. तुम्ही खाली उतरेपर्यंत आमच्यातलं कुणी तोंड उघडणार नाही."

आता इथे तुमच्यात चुळबुळ सुरू झालेली मला दिसते आहे. जीपवाले एकमेकांकडे बघताहेत. सरपंच, तुम्ही पंचा झटकू नका, बसा. तुम्हाला वाटत असेल, बुवांनी लिहिलंय तर बुवांनी जावं. एकट्याने वाटेवर बसावं. बसलो असतो! पण माझ्या एकट्याला बघून एक सायकलसुद्धा थांबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून खाली सही करताना मी आयुष्यात पहिल्यांदा आगाऊपणा केला. माझं नाव लिहिलंच नाही. लिहिलं: "आपले, भैरोबाच्या देवळातील समस्त श्रोते."

तुम्हाला विचारायला हवं होतं. कबूल. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बुवा, पाच मिनिटं.

इथे येताना ते पत्र मी बाजारातल्या तांबड्या पेटीत टाकलं. पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच पुढे निघालो. आता ते कुणालाही बाहेर काढता यायचं नाही, मलाही नाही. परवा तेरवा वाड्यावर पोचेल, अंगणवाडीच्या बाई वाचून दाखवतील, आणि सर्वपित्रीच्या आदल्या रात्री ती म्हातारी दहीभातासाठी दुधाला विरजण लावील. तुमच्या शब्दावर.