पूजेचा कॉम्प्युटर

बसवनगुडीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एकाच ऑफिसातली दोघं उभी होती. बसचा पत्ता नव्हता, त्यामुळे सगळं ऐकावंच लागलं.

“मल्लाप्पाअण्णा, सरांना उद्या सांगायचंय. सगळे कॉम्प्युटर बदलायचे, की नुसती मेमरी वाढवायची?”

“मेमरी वाढव की स्वल्प. माझा तर ठणठणीत आहे बघ.”

“ठणठणीत? सकाळी बटण दाबून तुम्ही खाली जाऊन कॉफी पिऊन येता, तरी तो सुरू झालेला नसतो!”

“वय झालंय गं त्याचं. दरवर्षी आयुधपूजेला हार घालतोय मी, म्हणून टिकलाय.”

“त्या पूजेनंच त्याची वाट लागलीय! काल दुरुस्तीवाल्यानं उघडला, तर आतल्या पंख्यात कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. तो बिचारा चपला काढूनच कामाला बसला.”

“मग नव्याला कुंकू कुठं लावायचं?”

“कुठंच नाही. बदलले तर लॅपटॉपच येणारेत. कीबोर्डात गेलं की संपलं.”

“पूजा न केलेल्या मशीनला मी हात लावणार नाही. सरांच्या आईंना विचार, त्या पण हेच म्हणतील.”

“अहो, त्यांना कशाला मध्ये आणता? असं करू. कामाला सगळे नवे घेऊ, आणि पूजेपुरता एक जुना ठेवू.”

“सरी, चालेल. माझाच ठेव, माझ्याच टेबलावर.”

“बरं. मग तुमचा नवा कुठे ठेवायचा?”

“मला नवा कशाला? आहे की हा.”

“आणि काम कशावर करणार?”

“देवाच्या वस्तूला काम सांगतंय का कोण, आसावरी?”