घरी वागता तसंच वागा

— नाही ताई, रुमाल काढू नका, दाबूनच धरा, ओठाचं रक्त हे असंच असतं, थेंबभर आलं तरी घागरभर दिसतं. आणि माझा हात लागला हे मी नाकारत नाही — लागला — पण मी मारलं नाही, तुम्ही मध्ये आलात, माझं कोपर मागे गेलं आणि तिथे नेमकं तुमचं तोंड होतं. चालत्या गाडीपुढे कुणी उडी घेतली तर ड्रायव्हरने काय करायचं? माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, बायकोने सांगितलंच असेल तुम्हाला, एकाच वर्गातल्या ना तुम्ही दोघी, बालविकास आणि कौटुंबिक संबंध, दुसरं वर्ष — सांगितलंच असणार, बायका एकमेकींना काय सांगत नाहीत. मी बसतो इथेच. मोठ्या मॅडम म्हणाल्या, ठकीच्या बोटांना पट्टी बांधून होईपर्यंत इथे बसा, मग मुलीला घेऊन जा — म्हणून बसलोय, नाहीतर मी कुणाच्या बापाचं ऐकणारा माणूस नाही.

पण मला एक सांगा, ही फसवणूक नाही का? त्या बाजूने आरसा, या बाजूने काच. मघाशी ठकीला घेऊन त्या खेळण्यांच्या खोलीत शिरलो तेव्हा मी त्याच आरशात कंगव्याने भांग नीट केला, दातात काही अडकलंय का तेही बघितलं — आणि इथे अंधारात तुम्ही डझनभर पोरी खुर्च्या मांडून बसलेल्या, मांडीवर वह्या घेऊन. मी शिकाऊ लोकांना दिवसभर सांगतो, आरसा बघा, आधी आतला, मग बाहेरचा, मग वळा — आणि मलाच कळू नये की आरशालासुद्धा पाठ असते? — दारावर पाटी होती? असेल, मी पाट्या वाचत बसत नाही. बायकोला तर माहीत होतं. दोन वर्षं ती याच खुर्च्यांवर बसून लोकांची पोरं बघतेय. मला म्हणाली, प्रॅक्टिकल आहे, प्रत्येकीच्या घरचं माणूस येतं, थोडा वेळ मुलीशी ठोकळे खेळायचे आणि शेवटी तिला ते आवरायला सांगायचं, बस्स. आणि तुमच्या मोठ्या मॅडमनी दारात काय सांगितलं? घरी वागता तसंच वागा. सांगितलं की नाही? आता घरी वागतो तसा वागलो, तर सगळ्यांचे डोळे पांढरे झाले.

तुम्ही बघितलंय सगळं, पण बघणं वेगळं आणि समजणं वेगळं. मी म्हटलं, ठकी, आवर. आवरायला लागली. तेवढ्यात तिच्या हातून मनोरा कोसळला, धाडदिशी आवाज झाला — आणि आवाज झाला की पुढे काय, हे तिला पाठ आहे. मी तोंडातून शब्द काढायच्या आत ती टेबलाशी आली आणि हात पालथा ठेवून उभी राहिली. आपणहून. पाच वर्षांची पोर. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, आम्ही याला वळण म्हणतो. घरी फूटपट्टी असते, इथे नव्हती, म्हणून ठोकळा उचलला — तो जरा जड निघाला, हे मान्य, नखं काळी पडायला नको होती. पण रडली का? हूं नाही की चूं नाही. पुन्हा हात उचलला तर तुम्ही दार ढकलून आत. तुमचा नियम आहे ना, काचेमागच्याने उठायचं नाही, काच वाजवायची नाही, दिसेल तेवढंच लिहायचं? बायकोच सांगायची — 'रागावला' असं लिहायचं नाही, 'हात उचलला' असं लिहायचं, कारण राग दिसत नाही, हात दिसतो. बाकीच्या, आता मॅडमनी बाहेर काढल्यात त्या, बसल्याच की लिहीत. तुमच्याच अंगात काय आलं? आता मॅडम तुमचेच मार्क कापतील, बघा तुम्ही.

— आणि काचेपलीकडे ही पोर बघा. नर्सबाई पट्टी बांधतेय, आई शेजारी बसलीय आणि ही बोलतेय. काय बोलतेय एवढं? तो स्पीकर लावा ना, ऐकू तर येऊ दे. — बंद आहे? मघाशी माझा शब्द न् शब्द ऐकू आला तुम्हाला, आणि आत्ताच बरा बंद पडला. घरी तिच्या तोंडातून आवाज निघत नाही, जेवताना बोलायचं नाही, गाडीत बोलायचं नाही, मी घरात असलो की नाहीच बोलायचं, आणि इथे कशी चुरूचुरू चाललीय. बायको बघा, उजवा कान पुढे करून ऐकतेय. डावा गेलाय तिचा. वर्गातही डावी बाजू भिंतीकडे करूनच बसते ना? लहानपणी कान फुटायचा, असं सांगितलं असेल तिने. बरोबर, तसंच सांगायचं ठरलंय. — ठरलंय म्हणजे, तसंच असणार. एका चपराकीत कुणाचा कान जातो का? गेला तर तो आधीच कच्चा असणार. परीक्षेचं पुस्तक उघडून बसली होती, मी हाका मारतोय, मारतोय, आणि मान वर नाही — तेव्हा ऐकू येत होतं हो तिला, चांगलं दोन्ही कानांनी, तेच तर माझं म्हणणं आहे.

आणि शिकायला पाठवली कुणी? मीच. शेजारीपाजारी म्हणाले, बायकोला फार शिकवू नये, शेफारते. मी म्हटलं, शिकू दे, पोरं वाढवायचंच शास्त्र आहे, घरालाच उपयोग. आमच्या शिकाऊ गाडीला जादाचा ब्रेक असतो, तो माझ्या पायाखाली — शिकणाऱ्याला वाटतं गाडी तोच चालवतोय. तसंच धरून चाललो होतो मी. तर ही एक दिवस भांडी घासता घासता मला सांगते, 'मारलेलं मूल शहाणं होत नाही, गप्प होतं.' मला सांगते. मला माझ्या बापाने पट्ट्याने सोलून काढलं, पाठीवर अजून बक्कल उमटलंय, आणि मी काय वाया गेलो? चार गाड्या आहेत माझ्या. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हटलं, म्हण, पुन्हा म्हण. ती म्हणाली. म्हणून मी मारलं. पुन्हा म्हण. पुन्हा म्हणाली. केवढी हट्टी, बघा. तोंडात रक्त भरेपर्यंत म्हणत होती. पुढचा एक दात जरा जास्त पांढरा दिसतो ना तिचा? तो नवा आहे. चांगल्या डॉक्टरकडून बसवून आणला मी, सुट्टी काढून, स्वतः बसून राहिलो तिथे. दात पाडणारा सगळ्यांना दिसतो ताई, बसवून देणारा कुणाला दिसत नाही.

घरातलं बाहेर काढू नये. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हिने आज तेच केलं, माझी लक्तरं चारचौघींत टांगली, आणि तेही मला कंगवा हातात घेऊन उभा करून. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही — उद्या तुमच्या वर्गातली एकेक जण हे गावभर करणार. तर आज घरी बोलणं होईलच. मी आरडाओरडा करत नाही हं, शेजाऱ्यांना विचारा. ठकीला आतल्या खोलीत बसवतो, कडी घालतो, रेडिओ लावतो, आणि मग शांतपणे. आज दातावर भागणार नाही. पाय मोडला की युनिव्हर्सिटीचे जिने आपोआप बंद होतात, आणि जिने बंद झाले की डोकं ठिकाणावर येतं. — म्हणजे, ही बोलण्याची रीत झाली, तुम्ही घाबरून जाऊ नका. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही ऐकून घेता. एवढ्या वेळात मध्ये हूं म्हटलं नाहीत. हिला हेच कधी जमलं नाही.

झाली वाटतं पट्टी. नर्सबाई उठली. — हे बघा, कडेवर घेतली. एवढ्या घोडीला कडेवर कशाला? बोटांना लागलंय, पायांना नाही. चला, निघाल्या. येतीलच आता.

...

एक भिंत ओलांडून यायला एवढा वेळ? खोली तर रिकामी दिसतेय. — थांबा. आम्ही आत शिरलो ते दार हे, इकडचं. त्या पलीकडच्या दाराने गेल्या. तिकडे दार आहे हे मला मघाशी दिसलंच नाही, पडदा होता त्याच्यावर. ते कुठे उघडतं? मागे, गाड्या उभ्या करतात तिकडे? — ताई, मी तुम्हाला विचारतोय. ओठ दुखत असेल तर मानेने सांगा. बायकोच्या खांद्याला ती मोठी पिशवी होती. सकाळी मी विचारलं, एवढं काय भरलंयस, तर म्हणाली, ठकीची खेळणी, प्रॅक्टिकलला लागतात. पण खेळणी तर सगळी इथलीच होती. तिने पिशवी उघडलीच नाही. मग काय होतं तिच्यात — कपडे? आणि तुम्ही मला इतका वेळ बोलत बसवून ठेवलंत.

सरका. दारातून सरका म्हणतोय ना. पुन्हा लागेल हां, मग म्हणू नका — हे कोण? कोण तुम्ही दोघं, सिक्युरिटीवाले? हात सोडा. सोडा म्हटलं ना. अहो, दादा, दुखतंय, हात पिरगाळू नका, मी येतो म्हणतोय ना — मी काही केलेलं नाही हो, मी इथे नुसता बसून होतो, यांना विचारा, मघापासून या इथेच आहेत, यांनी माझा शब्द न् शब्द ऐकलाय. सांगा ना, ताई.