सीतेचे शंभर

डॉक्टर : मग दिलंत काय तिला?

रुक्मिणी : खारो बांगडो. दोनय येळ. आणि पेजेत मीठ जरा जास्ती.

डॉक्टर : नऊ वर्षांच्या नातीला? कशासाठी, आजी?

रुक्मिणी : आमच्या म्हाताऱ्याचो रक्ताचो दाब चढलो तेवा तुमीच मीठ बंद केलास. एकशे तीसार इलो तेवा "आता बरो" म्हटलास. मगे शाळेत पोरांका तपासलास, हिचो शंभर. म्हणजे उतारलोच मा? मीठ सोडून उतारता, तर मीठ घालून चढात, म्हटलंय.

सीता : आणि माका लंगडीतसून काढल्यान. उद्या कुडाळाक सामने आसत.

रुक्मिणी : गप रव गो. हिचे आवस-बापूस मुंबैक, पोर माझ्या हवाली केल्यानी. हिका काय झाला तर तोंड खंय दाखवू? माका भय वाटता, डॉक्टरांनू.

डॉक्टर : ये, सीता. पाठ टेकून बस. पाय लोंबकळू देऊ नकोस, स्टुलावर ठेव. आता थोडा वेळ बोलायचं नाही.

सीता : पण लंगडी...

डॉक्टर : बोललीस. आता पहिल्यापासून.

(डॉक्टर कपाटातला लहान पट्टा सीतेच्या दंडाला बांधतात.)

रुक्मिणी : ह्यो म्हाताऱ्याचो पट्टो न्हय.

डॉक्टर : तो हिच्या दंडाला मोठा होईल, आकडा चुकेल. हा मुलांचा, मुंबईहून बोटीने मागवलाय... वर शंभर, खाली साठ. उत्तम आहे.

रुक्मिणी : शंभर, आणि उत्तम?

डॉक्टर : आजोबांचा सदरा हिला घालाल का?

रुक्मिणी : कित्या घालीन? पायांत येतलो.

डॉक्टर : मग त्यांचा आकडा तरी कशाला? मुलांचा दाब मोठ्यांपेक्षा कमीच असतो. वय वाढतं, उंची वाढते, तसा तोही वाढतो. हिचा एकशे तीस निघाला असता, तर मला घोर लागला असता.

रुक्मिणी : आणि मी तोच चढवूक बघी होतंय.

डॉक्टर : बांगडा बंद, मीठ बेताचं. आणि हिला धावू द्या, खेळू द्या.

सीता : लंगडी?

डॉक्टर : लंगडीसुद्धा.

रुक्मिणी : रवळनाथा, नारळ देतंय तुका.

डॉक्टर : बांगडा हिने सगळा खाल्ला?

रुक्मिणी : खंयचो? अर्धो पानातच ठेवी. टाकूचो कसो? उरलो तो मी खाय होतंय.

डॉक्टर : रोज? मग आता तुमचा दंड पुढे करा.

रुक्मिणी : माझो कित्या? माका काय झाला नाय. घराक कामां पडली आसत, म्हातारो वाट बघता...

सीता : आजये, पाठ टेक. पाय नीट ठेव. आता बोलूचा नाय.