आधी कोचची चूक

व्हर्जिल: …आणि पेपरवाल्यांना तू सांगितलंस की डाव तूच चुकीचा सांगितलास, मी नुसते हात हलवले. हे खोटं आहे, मार्सेलस.

मार्सेलस: आधी बसा, कोच. रविवारी सकाळी साडेसातला चर्च सोडून माझ्या ऑफिसात भांडायला आलात, हे नॅडीनकाकूंना ठाऊक आहे का?

व्हर्जिल: तीच सोडून गेली मला दारात. म्हणाली, काय बोलायचंय ते बोलून मोकळा हो, तुझ्या वाटची प्रार्थना मी करते.

मार्सेलस: मग झालं तर. कॉफी घ्या. कालची मॅच गेली, ती गेली. या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हेड कोच मी आहे, खापर माझ्या डोक्यावर फुटणार. त्याचाच पगार मिळतो मला.

व्हर्जिल: पगाराचं मला सांगू नकोस. दोन मिनिटं उरली होती, आपण दोन गुणांनी पुढे होतो. बॉल पोटाशी धरून पळायचं आणि घड्याळ संपवायचं, एवढंच करायचं होतं. तू तेच सांगितलंस, माझ्या कानात अजून आहे. मैदानात पोरांना खूण कुणी केली? मी. काय केली? टोपीला हात, मग कोपराला.

मार्सेलस: टोपी, मग कोपर.

व्हर्जिल: आपल्याकडे त्याचा अर्थ काय?

मार्सेलस: लांब फेका.

व्हर्जिल: आणि लीलँडने फेकला. बिचाऱ्या पोराने सांगितलं तसं केलं. समोरच्याने वरच्यावर झेलला आणि गेला पळत. पुढच्या फेरीचं स्वप्न तिथेच संपलं. आणि आज ओहायोभर पेपरात काय छापून आलंय, तर मार्सेलस ओडमची बुद्धी ऐन वेळी फिरली.

मार्सेलस: माझ्याबद्दल याहून वाईट छापून आलंय. आईने कात्रणं जपून ठेवलीत, विचारा तिला.

व्हर्जिल: हसण्यावारी नेऊ नकोस. रात्रभर मी पलंगाच्या कडेला बसून विचार करत होतो, टोपी आणि कोपर हे माझ्या हातात आलं कुठून. पहाटे आठवलं. ही केंटकीतल्या कॉलेजची खूण, तिथे तिचा अर्थ पळा. ते कॉलेज सोडून मला एकोणीस वर्षं झाली. तू होतास तिथे, तुला आठवत असेल.

मार्सेलस: आठवतं. कालच ओळखली मी. तुमचा हात कोपराला लागला आणि मी धावलो. ओरडेपर्यंत बॉल हवेत होता.

व्हर्जिल: म्हणजे कळलं होतं तुला. आणि तरी पांघरूण घातलंस.

मार्सेलस: घातलं. तुमच्यावर नाही घालायचं तर कुणावर घालायचं?

व्हर्जिल: तुझ्या आईला जाऊन विचार कुणावर ते. तुझ्या घरी मी तुला कॉलेजच्या संघासाठी मागायला आलो होतो, ते लक्षात आहे?

मार्सेलस: तीन ताटं जेवला होतात. आई अजून सांगते.

व्हर्जिल: माझ्याआधी चार कॉलेजवाले येऊन गेले होते. प्रत्येकाने तिला सांगितलं, तुमचा मुलगा व्यावसायिक संघात जाणार, तुम्हाला मोठं घर बांधून देणार. मी नऊ वर्षं त्या संघांत डोकं आपटून आलेला. मी म्हटलं, बाई, हा तिथवर जाणार नाही, याचे पाय तेवढे जलद नाहीत. पण डिग्री घेऊन घरी येईल, हा माझा शब्द. ओडेसाबाई स्वयंपाकघरात गेल्या, डोळे पुसून आल्या आणि म्हणाल्या, न्या याला. खऱ्यावर पोरगा दिला होता त्यांनी मला. आज तो पोरगा माझ्यासाठी पेपरात खोटं छापून आणतो.

मार्सेलस: त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या होत्या.

व्हर्जिल: तोंडावर दिसत होत्या.

मार्सेलस: आता देव मानतो म्हटलं तर तुम्हाला राग येईल, म्हणून म्हणत नाही. पण मला डिग्री मिळाली. मग नोकरी, मग ही खुर्ची. मी या खुर्चीत बसल्यावर पहिला फोन तुम्हाला केला. तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत, सामान बांधलंत आणि आलात.

व्हर्जिल: बांधलं नॅडीनने. आठव्यांदा. एकतीस वर्षांत हे आठवं कॉलेज, पण त्या बाईने एकदा कपाळाला आठी घातली नाही. दरवेळी नव्या गावात पहिल्या आठवड्यात माझी सगळी फळी जेवायला घालायची. शंभर शंभर किलोची पोरं, आणि ही दोन दिवस आधीपासून बटाटे सोलतेय. मला आयुष्याने काही कमी दिलं नाही, मार्सेलस. म्हणून तर हे घेऊन आलोय.

मार्सेलस: काय आहे यात?

व्हर्जिल: एक ओळ आहे. मी सोडतोय. नऊ वाजता पोरं व्हिडिओ बघायला जमतील. रविवारचा नियम तुला माहीत आहे.

मार्सेलस: आधी कोचने आपली चूक उभं राहून सांगायची, मग पोरांच्या चुका काढायच्या. तुमचाच नियम आहे. मी तुमच्याकडून उचलला.

व्हर्जिल: तर मी उभा राहीन, सांगेन, आणि निघेन. मंगळवारी क्लीव्हलंडला डॉक्टरकडे जायचंय. नॅडीन मार्चपासून मागे लागली होती, मीच टाळत होतो. भीती वाटते, म्हणून. मी ज्यांच्याबरोबर खेळलो त्यातले तिघं आता बायकोला ओळखत नाहीत.

मार्सेलस: कोच, एक गोष्ट सांगायचीय. सांगावी की नाही, म्हणून सकाळपासून मूग गिळून बसलोय.

व्हर्जिल: सांग. आता काय उरलंय?

मार्सेलस: काल मॅचनंतर आपला सेंटर घरी आला होता. अठ्ठावन्न नंबर.

व्हर्जिल: त्याचा घोटा मुरगळला. कसा आहे?

मार्सेलस: कुबड्या घेऊन आला. दारातच रडायला लागला. मला वाटलं पायाचं असेल. तर म्हणाला, कोच, मॅच माझ्यामुळे गेली.

व्हर्जिल: त्याच्यामुळे कशी? तिसऱ्या भागापासून तो बाकावर होता.

मार्सेलस: तेच म्हणत होता. मी मैदानात असतो तर गेली नसती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑगस्टपासून तुम्ही मधूनच जुन्या कॉलेजच्या खुणा करताय. रोज नाही, पण दमलात की. सुरुवातीला पोरं गोंधळली. मग याने एक वही केली. तुम्ही काय खूण केली आणि तुम्हाला खरं काय म्हणायचं होतं, ते लिहून काढलं. पाठ केलं. मॅचमध्ये तुमची खूण जुनी वाटली की हा बॉल मागे द्यायला वाकायच्या आधी मान वळवून लीलँडला खरा डाव सांगायचा.

व्हर्जिल: किती वेळा?

मार्सेलस: नऊ मॅचमध्ये अकरा वेळा. काल तो बाकावर होता आणि त्याच्या जागी उतरलेल्याला वहीचं माहीत नव्हतं. लीलँडला वही पाठ नव्हती, आणि अख्ख्या संघात त्यांनी हे दोघांतच ठेवलं होतं. मलासुद्धा सांगितलं नाही. म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही कोच व्हर्जिल स्टॅम्परना घरी बसवलं असतं.

व्हर्जिल: बसवायलाच हवं होतं. त्या पोरांनी डोक्याला डोकं भिडवून खेळायचं की म्हाताऱ्याला सांभाळायचं? त्यातून कुणाला लागलं असतं तर? हे चूक आहे, मार्सेलस.

मार्सेलस: चूकच आहे. मीही त्याला तेच म्हटलं. तर मला म्हणाला, कोचनी मला दोन वर्षांत पाय कुठे टाकायचा ते शिकवलं, तेवढ्यासाठी मी एवढं करायला नको? मी तरी कालपासून दुसरं काय करतोय?

व्हर्जिल: एक पेला पाणी दे.

मार्सेलस: घ्या. आता माझं ऐका. तुम्ही उभे राहा, सांगा. पेपरवाल्यांना मी फोन करून खरं सांगतो, तुम्ही म्हणाल तसं. खुणा आजपासून तुमच्याकडे नाहीत. मॅचच्या दिवशी तुम्ही माझ्या बाजूला नुसतं उभं राहायचं. पण सरावाला या. पाय कुठे टाकायचा ते तुम्ही विसरलेला नाही. या फेरीच्या अजून दोन मॅच आहेत.

व्हर्जिल: डॉक्टर काय म्हणतो ते बघू.

मार्सेलस: बघू. पत्र माझ्या खणात राहील. डॉक्टर म्हणाला बस, तर त्या दिवशी मी स्वतः सही करेन, आणि मग आपण खोटं बोलणार नाही. ना मी, ना तुम्ही.

व्हर्जिल: शब्द?

मार्सेलस: शब्द. आईची शपथ घेऊ?

व्हर्जिल: नको, ओडेसाबाईंना मध्ये आणू नकोस. जाऊ दे. पोरं यायला लागली वाटतं. मी डॉयलला आधी भेटतो, सगळ्यांच्या आधी. अकरा वेळा म्हणालास ना. त्याचे आभार मानल्याशिवाय मी उभा राहू शकणार नाही.

मार्सेलस: कोच.

व्हर्जिल: काय?

मार्सेलस: डॉयल केंटकीत होता. माझ्या वेळचा सेंटर.

व्हर्जिल: …हो. डॉयल माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता. टक्कल पडलंय त्याला. मग हा… मी याला काय म्हणतो?

मार्सेलस: डॉयलच म्हणता. सप्टेंबरपासून. आणि तो दरवेळी ओ देतो.

व्हर्जिल: एकदाही म्हणाला नाही?

मार्सेलस: एकदाही नाही. दुसरं कुणी हसलं तर त्यांच्याकडे बघायचा, की ते गप्प. मीसुद्धा ऐकून हसलो होतो एकदा, मला वाटलं तुमची गंमत. त्याची लाज वाटतेय मला.

व्हर्जिल: नाव काय रे त्याचं?

मार्सेलस: थेरॉन. थेरॉन गॅस्किन्स. आजी-आजोबांनी वाढवलाय. त्याच्याही घरी तुम्हीच गेला होतात.

व्हर्जिल: थेरॉन. कागद दे, लिहून घेतो. थेरॉन. काय बोलू त्याच्याशी? मला असं काही बोलता येत नाही, नॅडीन असती तर बरं झालं असतं.

मार्सेलस: काही बोलू नका. त्याच्या नावाने हाक मारा.