पहिला तास बाईंचाच

जय भीम, नमस्कार. मी रेखा, तिसरीतल्या आर्याची आई. आकुर्डीत राहते, चाकणच्या कंपनीत लाईनवर आहे. आज हाफ डे टाकून आले. समोर बाईंच्या घरची माणसं बसलीत, आणि मोरे बाईंच्या फोटोला हार घातलाय. परवापरवापर्यंत वर्गात उभ्या होत्या हो. तो हार बघून बोलणं जड जातंय. पण बोलणार. गप्प बसले तर बाईच रागावतील.

आमचं घर एका खोलीचं. आर्याचे बाबा कायम नाईटला. ज्या घरात माणूस दिवसा झोपतो, तिथं पोरं कशी वाढतात, हे इथल्या बायकांना सांगायला नको. भांडं हळू ठेव, बाबा झोपलेत. हसू नको, बाबा झोपलेत. रडू नको, बाबा झोपलेत. बरोबर ना, ताई? यात कुणाची चूक नाही. झोप न घेता मशिनवर उभं राहिलं तर बोटं जातात.

पण दुसरीत असताना आर्या शाळेच्या मैदानात पडली. कोपर फुटलं, रक्त आलं. तोंडातून आवाज नाही. मोरे बाई धावत आल्या. म्हणाल्या, "अगं, दुखतंय ना? मग रड की!" तर माझी पोरगी हळूच म्हणाली, "बाबा झोपलेत."

शाळेच्या मैदानात! भर दुपारी!

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी गेटवरच रडले. बाई रडल्या नाहीत. बाई चिडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गाचा पहिला तास बोलण्याचा झाला. एकेकानं उभं राहायचं, आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि मनात काय आहे ते सांगायचं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. बाकीच्यांनी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. कुणी लातूरकडचं बोलेल, कुणी कोकणातलं. बोलीला हसायचं नाही.

पालकसभेत एक आजोबा उठले होते. "बाई, पोरं शिकाया धाडतो आमी, वरडाया न्हाई." बाई म्हणाल्या, "आजोबा, घरात ओरडता येत नाही, चाळीत ओरडता येत नाही. मग पोरांनी ओरडायचं कुठं? मला राग आलाय, मला भीती वाटते, हे नीट सांगता येणं, हेही शिकणंच आहे." आजोबा म्हणाले, "व्हय, ते बी हाय," आणि खाली बसले.

एका सकाळी आर्याचे बाबा शिफ्ट करून आले. पोरगी दारात उभी. म्हणाली, "बाबा, मला तुमचा राग आलाय. आत्ता झोपा. उठल्यावर सांगते." आता सांगा, त्या माणसाला झोप लागेल का? उठून बसले. तुम्ही गॅदरिंगला आला नाहीत, एवढंच तिचं म्हणणं होतं. बाप-लेक तासभर बोलत बसले. आमच्या घरात दिवसाढवळ्या एवढा आवाज पहिल्यांदाच झाला. ते मागे बसलेत, विचारा त्यांना.

आणि काल संस्थेनं पोरांना वर्गात कळवलं, सोमवारपासून पहिला तास स्कॉलरशिपच्या सरावाला. अध्यक्षसाहेब, तुम्ही समोर आहात म्हणून समोर बोलते. पाठीमागं बोलायची मला सवय नाही. आत्ताच तुम्ही म्हणालात, बाईंचं कार्य पुढं नेऊ. मग नेताय कुठं? स्कॉलरशिप आम्हालाही हवी. शाळा सुटल्यावर घ्या. त्या तासाला दुसऱ्या बाई मिळत नसतील तर आम्ही आया शिफ्ट बदलून आळीपाळीनं वर्गात बसू. पण पहिला तास हलणार नाही. साहेब, मी विनंती करत नाहीये. सांगतेय.

आता तुम्ही उभं राहून मौन पाळायला सांगाल. रीत आहे, मला माहीत आहे. पण ज्या बाईंनी आमच्या पोरांचं मौन मोडलं, त्यांना आम्ही मौन कसं वाहायचं?

उभे राहा सगळे. पोरांनो, पुढं या. पहिल्या तासाला करता तसंच करायचं. आपलं नाव सांगायचं, मोठ्यानं, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत. रडू आलं तर रडायचं. इथं कुणी झोपलेलं नाही.

आर्या, चल. तू सुरू कर.